तिसरा सायलेन्सर

पोरेटी हवालदाराने तिसरा सायलेन्सर लावून आखूड नळीच्या रायफलीतून गोळी झाडली, तसे मैदानापलीकडचे बगळे फडफडत उडाले.

"हा बाद," साहेब हसले. "दुसराच घेऊ. त्याच्या वेळी बगळ्यांनी मानसुद्धा वर केली नव्हती."

पथकात पोरेटीसारखा नेम कुणाचाच नव्हता, म्हणून निवड त्याच्या शब्दावर होणार होती. त्याने दुसरा सायलेन्सर हातात घेतला. अगदी असाच गेल्या उन्हाळ्यात त्याच्या रायफलीवर होता.

इथल्या जंगलातल्या गावांत पोर चालायला लागलं की त्याला आधी एकच गोष्ट शिकवतात: गोळीचा आवाज आला की असशील तिथे आडवं पडायचं. त्या पहाटे पोरेटी झाडीतल्या बंदूकवाल्यावर गोळ्या झाडत होता. मोहफुलं वेचून निघालेल्या बाईला त्यांचा आवाज ऐकूच गेला नाही. डोक्यावर टोपली घेऊन, स्वतःशीच गुणगुणत, ती सरळ गोळ्यांच्या वाटेत चालत आली.

"तिसराच घ्या, साहेब."

"अहो पोरेटी, केवढा वाजतो तो!"

"वजनाला हलका आहे. दिवसभर जंगल तुडवायचं, तर तोच बरा."

साहेबांना ते पटलं. पोरेटीने दुसरा सायलेन्सर पेटीत ठेवून झाकण घट्ट लावलं. एव्हाना बगळे परत येऊन बसले होते. सगळं मैदान शांत झालं, आणि त्या शांततेत, त्याच्या अगदी पाठीमागे, फुलांनी भरलेली टोपली पडली.