चष्म्याविना

नर्सने घरी आपल्या सासूबाईंचा चष्मा काढून घेतला, भिंतीवर स्लाइड लावली. “वाचा, आई.” “अगं, मुंग्यांची रांग दिसतेय! कुठे निघाल्यात?” तिच्या रुग्णालयातला मुलांचा वॉर्ड बंद करायचं घाटत होतं, उद्या म्हाताऱ्या विश्वस्तांना पटवायची शेवटची संधी होती. तिने तक्ते गाळले, टक्केवारी गाळली. “आता?” “मुंग्यांचे मुंगळे झाले.” हसत तिने सगळंच पुसलं आणि टपोऱ्या अक्षरांत एकच ओळ लिहिली. सासूबाईंनी ती अंगाईसारखी संथ वाचली. “वॉर्ड टिकला की मगच चष्मा घालीन.” दुसऱ्या दिवशी सभेत विश्वस्तांचे अध्यक्षच खिसे चाचपू लागले, चष्मा घरी राहिला होता. तिने ती एकच ओळ भिंतीवर लावली. भिंतीकडे पाहत त्यांनी मोठ्यांदा वाचलं, “रात्री तापलेलं लेकरू न्यायचं कुठे?” थांबले, म्हणाले, “कुठे काय, इथेच! वॉर्ड राहील.” जिन्यातूनच तिने फोन लावला. “आई, घाला आता चष्मा.”