जांभळ्या पट्ट्याचा जोड

तेविसावा जोड याही रविवारी ओळखू आला नाही, तेव्हा केशोराव रहांगडाले सायकल टेकवून थांबलेच.

बिरसी रस्त्यावरच्या नव्या ले-आउटमध्ये, कालपरवापर्यंत जिथे धानाच्या बांध्या होत्या तिथे, शटरच्या एका गाळ्यात दर रविवारी प्रार्थना चालायची. विवेक नावाचा तरुण पास्टर आणि त्याची बायको मोनाली, चर्च म्हणजे एवढंच. पहिल्या रविवारी दारात चपलांचे चार जोड होते. आता तेवीस झाले होते.

केशोरावांना आत डोकावायची गरज नव्हती. चौकात त्यांचं चपलांचं दुकान, वीस वर्षांचं. देवरीहून, नवेगावहून, पार छत्तीसगडहून येऊन इथे खोल्या बांधणारा प्रत्येकजण पहिली चप्पल त्यांच्याकडेच घ्यायचा. पदर ओढून तोंड लपवता येतं, टाच कशी झिजते ते लपवता येत नाही. हा बकाराम गवंडी. ही सुशिलाबाई भाजीवाली. बावीस जोडांचे बावीस मालक त्यांनी मनात टिपून घेतले.

तेविसावा मात्र त्यांच्या दुकानचा नव्हता. जांभळा पट्टा, बायकी, पाच नंबर, बहुधा बालाघाटच्या बाजारातला. फारसा न झिजलेला, कारण घालणारी आठवड्यातून एकदाच घालत असावी.

"हेच ते बाहेरची बाई," शनिवारी त्यांनी ओमेशला सांगितलं. "हेच फितवून राहिली लोकायले."

ओमेश गोंदिया शहरातला, हाताशी आठ-दहा पोरं बाळगणारा. त्याची आणि केशोरावांची ओळख दुकानाच्या काउंटरपुरती.

"फिर? ठाण्यात जाऊ?"

"ठाणं मागून. आधी बाहेरच्या साऱ्या चपला पोत्यात भरा. चप्पल पायजे तं नाव सांगा, बापाचं-नवऱ्याचं नाव सांगा, अन् चूपचाप घरी जा. जांभळ्या पट्ट्यावालीले मातर चप्पल द्याची नाई."

"तिले काय द्याचं?"

"हार," केशोराव म्हणाले. "जुन्या चपलांचा. मी ओवून ठेवतो."

एवढा राग कशाचा? धर्माचा म्हणाल, तर दीड वर्षात त्यांच्या हातून देवापुढे साधी उदबत्तीही लागली नव्हती. राग त्या पास्टरवर होता. दिवाळीआधी तो दुकानात आला, एक जोड घेतला आणि जाताना हळूच म्हणाला, "काका, गुंजनसाठी आम्ही सगळे प्रार्थना करतो."

गुंजन त्यांची एकुलती एक मुलगी. तापाने चार दिवसांत गेली, त्याला दीड वर्ष झालं. घरात तिचं नाव काढायचं नाही, असं केशोरावांनी बायकोला बजावून ठेवलं होतं. आणि इथे एक परका माणूस ते नाव गिऱ्हाइकांसमोर उच्चारत होता. त्यांच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. कुणीतरी बाजारात बोललं असेल. बाजाराच्या तोंडाला कुठे कुलूप असतं?

रविवारी सकाळी त्यांनी शटर अर्धं वर केलं आणि गिऱ्हाइकांनी टाकून दिलेल्या अकरा चपला सुतळीत ओवल्या. हात सराईत होते, वेळ लागला नाही. ओमेश हाराची पिशवी न्यायला आला.

"तुमी नाई येत, भाऊ?"

"मी कायले येऊ? उद्या याच लोकायले चपला विकाच्या हायेत. माहं नाव कुठंच नाई आलं पायजे."

दहाच्या सुमारास ते घरी पोचले. घर जुन्या वस्तीत, ले-आउटपासून चांगलं दीड-दोन किलोमीटर. पायरीवर बायकोच्या, धुरपताबाईंच्या, तपकिरी चपला नेहमीसारख्या भिंतीला लागून ठेवलेल्या होत्या. म्हणजे बाई घरातच. दर रविवारी त्या गाळ्यावरून परतताना केशोराव रस्त्यावरूनच या चपला बघत, त्यांना बरं वाटे आणि ते तसेच दुकानाकडे वळत. जगाचं काही होवो, आपलं माणूस उंबऱ्याच्या आत आहे.

धुरपताबाई जुन्या वळणाची. रेशनच्या रांगेत नवऱ्याचं नाव विचारलं, तर कार्ड पुढे करायची, तोंड उघडायची नाही. मुलगी गेल्यापासून ती कुणाकडे जाईना, बोलणंही आटलं. कधीमधी एवढंच म्हणायची, "साऱ्या गावाचे पाय पायता. माह्या पायाकडं पायलं का कधी?" गुडघे दुखत असतील म्हणून त्यांनी मलम आणून दिलं होतं.

"च्या ठेव वं," ओट्यावर बसत त्यांनी आवाज दिला.

परसात असेल. ते थांबले. मग फोन वाजला.

"काम झालं, भाऊ." ओमेशच्या मागे गलका होता. "बाकीचे नावं सांगून, चपला घेऊन पळाले. जांभळ्या पट्ट्यावाली सापडली. म्हातारी हाय, पण लय जिद्दी."

"नाव काय तिचं?"

"सांगूनच नाई राहिली. नवऱ्याचं इचारलं तं म्हणते, त्यायचं नाव मी घेत नाई."

केशोराव उठून उभे राहिले.

"अन् तो पास्टर तं रडून राहिला, भाऊ. केशोरावले बोलवा, केशोरावले बोलवा, म्हणे. तिनंच त्याच्या तोंडावर हात ठेवला. आमी कायले बोलावतो? तुमचं नाव येऊच नाई दिलं." ओमेश हसला. "हार घातला. फोटो पाठवून राहिलो, पाहून घ्या."

फोन बंद झाला.

"गुंजनची माय!" केशोराव ओरडले. दीड वर्षात पहिल्यांदा ते नाव त्यांच्या तोंडून निघालं होतं. "अवं गुंजनची माय!"

फोन टिंग वाजला. त्यांनी फोटो उघडला नाही. ते पायरीशी खाली बसले आणि तपकिरी जोड हातात घेतला. त्याच्यावर बोटभर धूळ होती, आणि अंगठ्यापाशी कोळ्याने जाळं विणलं होतं.