प्रेमळ सासू

अठरा वर्षं मालदीवच्या राजधानीत, मालेत, निघणाऱ्या सिनेमांत सुनांना छळून रुगिय्यानं असं काही नाव कमावलं, की तिच्या खऱ्याखुऱ्या मुलाला दोनशे बेटांत कुणी मुलगी देईना. शेवटी तिनं दिग्दर्शक जाबिरला गाठलं. "बाबा रे, एकदा तरी मला प्रेमळ सासू कर. पोराचं लग्न अडलंय." त्यानं केली.

पहिल्या खेळाला तिनं मुलासाठी हेरलेल्या मुलीच्या आईला मुद्दाम शेजारी बसवलं. पडद्यावर रुगिय्या तापानं फणफणलेल्या सुनेला गरुधिया, म्हणजे माशाचं गरम सार, भरवू लागली आणि अख्खं थिएटर ओरडलं, "पिऊ नको गं पोरी, विष आहे त्यात!" सून प्यायली. चक्क बरी झाली.

"आज नाही तर उद्या मारेल," मुलीची आई पुटपुटली. सिनेमा संपला तरी सून जिवंतच, तेव्हा मात्र ती बाई घाबरली आणि मिळेल त्या बोटीनं मुलीला घेऊन आपल्या बेटावर निघून गेली.

त्या वर्षीचं सर्वोत्कृष्ट खलनायिकेचं बक्षीस रुगिय्यालाच मिळालं. परीक्षक म्हणाले, "काय काम केलंय बाईंनी! मनात काय शिजतंय, ते शेवटपर्यंत कळूच दिलं नाही."