अकराच्या आत

दुरुस्ती जेमतेम तीन ओळींची होती. ती करायला तिला एकोणीस दिवस लागले होते, आणि आज सकाळी अकरा वाजता ती जगासमोर ठेवायची होती.

ती कर्नलवर काम करायची. कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. फोनपासून कारखान्यातल्या यंत्रापर्यंत बरंच काही त्याच्या जिवावर चालतं. त्या गाभ्यात एक भोक सापडलं होतं. बाहेरून आलेला निरोप किती लांब आहे हे न मोजताच तो आत घेतला जायचा. मुद्दाम लांबलचक निरोप पाठवला, की पाठवणारा त्या यंत्राचा मालक. तेरा वर्षं हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

साडेदहाला ती ऑफिसच्या जिन्यात आली आणि दादाला फोन लावला. दादा पाणीपुरवठा केंद्रावर होता. गावाच्या चार टाक्या भरायच्या, पाण्यात क्लोरीन किती सोडायचं, सगळं त्याच्या खोलीतल्या एका करड्या पेटीवरून चालायचं. त्याने एकदा ती तिला कौतुकाने दाखवली होती. तिने फक्त स्क्रीनच्या कोपऱ्यातलं कंपनीचं नाव आणि आवृत्तीचा जुना आकडा वाचला होता.

"दादा, एक काम कर. त्या पेटीची नेटवर्कची वायर अकराच्या आत काढून ठेव."

"का गं?"

"ते आत्ता नाही सांगता येणार."

"वा. आणि टाक्या कोण भरणार, तुझा नवरा?"

"व्हॉल्व्ह हाताने फिरवता येतात ना?"

"येतात की. चार टाक्या चार टोकांना, आणि माझ्याकडे आज दोन माणसं. त्यातल्या एकाची कंबर धरलीय." तो हसला, मग थांबला. "झालंय काय, ते तरी सांग."

दुरुस्ती बाहेर पडेपर्यंत अवाक्षर काढणार नाही, असं तिने लिहून दिलं होतं. एकाला सांगितलं की दहांना कळतं, आणि दहांत एखादा चोर निघतो. नव्याने कामाला लागलेल्यांना हे तीच समजावून सांगायची.

"माझं ऐक ना, दादा."

"ऐकतोच आहे. पण साहेबांना काय सांगू? बहिणीच्या मनात आलं म्हणून?"

मागून कुणीतरी त्याला हाक मारली. "बघतो," म्हणत त्याने फोन ठेवला.

ती वर गेली. टीमच्या प्रमुखाला सगळे हेडमास्तर म्हणत, कारण ते लोकांच्या कोडमधल्या टिपणांचं शुद्धलेखनही तपासायचे. ती त्यांच्या टेबलापाशी उभी राहिली.

"एक दिवस पुढे ढकलता येईल?"

"कशासाठी?"

"जुन्या यंत्रांसाठी. बनवणारी कंपनी बंद पडलीय, त्यांना ही दुरुस्ती कुणी बसवून देणार नाही. आणि आपण दुरुस्ती दाखवली की भोक नेमकं कुठे होतं तेही दिसणार."

"दिसणार." त्यांनी चष्मा काढला. "पण एका दिवसात ती कंपनी उभी राहणार आहे का?"

तिने नकारार्थी मान हलवली.

"काल दोन ठिकाणांहून कळवलंय. कुणीतरी त्याच दारावर टकटक करून बघतंय. आपण थांबलो तर नवी यंत्रंही उघडी राहतील." मग त्यांनी आवाज खाली आणला. "घरचं कुणी आहे का?"

"आहे."

हेडमास्तरांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. "बटण मी दाबू?"

"नको. दुरुस्ती माझी आहे."

अकराला तिने बटण दाबलं. अकरा वाजून एक मिनिटाला दादाला फोन लावला. त्याने उचलला नाही. पुन्हा लावला. मग तिने सगळं लिहून पाठवलं, भोक कुठे आहे, त्याची दुरुस्ती आज झाली, कुणी आत शिरला तर काय काय करू शकतो, आणि शेवटी, वायर काढ. निरोप पोचला, पण वाचल्याची खूण काही दिसेना.

इकडे आभाराची पत्रं येऊ लागली. मोठमोठ्या कंपन्यांनी तासाभरात दुरुस्ती बसवून घेतली. कुणीतरी लिहिलं, तीन ओळींत इतकं नेटकं काम क्वचितच पाहायला मिळतं. सव्वाबाराला त्याच भोकातून आत शिरायचा एक तयार प्रोग्रॅम कुणीतरी सगळ्यांसाठी खुला केला. वर लिहिलं होतं, फक्त अभ्यासासाठी. तिने तो वरपासून खालपर्यंत वाचला. त्यात एकही चूक नव्हती.

पाऊण वाजता दादाचा फोन आला. त्याला धाप लागली होती.

"निरोप आत्ता वाचला. पण वायर मी तेव्हाच काढली होती, अकराला पाच कमी असताना."

"तेव्हाच?"

"तू उगाच सांगायची नाहीस. साहेबांना विचारलं नाही, म्हटलं मागाहून बघू. एकाला वरच्या टाकीवर पाठवलंय, कंबरवाल्याला गाडीत घालून शाळेजवळच्या. उरलेल्या दोन मी सायकलवरून सांभाळतोय."

मागे पाण्याचा मोठा आवाज येत होता आणि गंजलेलं चाक करकरत होतं.

"तू लिहिलंयस दुरुस्ती झाली म्हणून. चांगलं झालं," तो म्हणाला. "मग आमच्या पेटीला ती कधी येईल? आली की लावतो वायर."

तिने हेडमास्तरांकडे पाहिलं. ते मान खाली घालून काहीतरी वाचत होते.

"दादा, ती पेटी..."

"अगं, घाई नाही. सावकाश पाठव. संध्याकाळपर्यंत आम्ही खिंड लढवतो."