ण आणि ळ

कारखान्यातून निवृत्त होऊन आठ वर्षं झाली, तरी माझं इन्स्पेक्शन सुटलेलं नाही. कारखान्याच्या बरखेड्यातल्या क्वार्टरमध्ये वाढलेली माझी नात चारू बोलते हिंदीत, पण जबलपूरच्या हॉस्टेलवरून मला मेसेज मराठीत करते.

"आजोबा तुमची खुप आठवन येते मी दिवालीला येनार"

मी लगेच कळवलं, "खूप. आठवण. दिवाळी. येणार. 'आजोबा'नंतर स्वल्पविराम."

पंधरा दिवस तिचा मेसेज नाही. बायको म्हणाली, "पोरगी येते म्हणतेय, आणि तुम्ही ण आणि ळ तपासताय! आता बसा वाट बघत." बसलो.

आज सकाळी मेसेज आला.

"आजोबा, तुमची खूप आठवण येते. मी दिवाळीला नक्की येणार. तब्येतीला जपा."

मी फोन नाचवत स्वयंपाकघरात गेलो. "बघ! एक चूक नाही. टोकलं म्हणून सुधारली!"

बायको मटार सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "हो, हो. तुमचंच श्रेय."

मी तोच मेसेज तिला मोठ्याने वाचून दाखवू लागलो, तेव्हा शेवटची ओळ दिसली.




"चारू, हे जसंच्या तसं पाठव. खूश होतील बिचारे."