पिवळा कप

व्हार्नी फ्लोमोनं आजही पिवळाच कप उचलला. लोर्ना थेअरनं ते लांबून पाहिलं आणि शेजारच्या विनीला कोपरानं ढोसलं.

"बघ, बघ! तीन वर्षं झाली, तरी याचा पाहुणचार काही संपत नाही."

रविवारची प्रार्थना आटोपली की चर्चच्या तळघरातल्या हॉलमध्ये कॉफी असायची. सभासदांना पांढरे कप, नव्या पाहुण्यांना पिवळे. पिवळा कप दिसला की आपण होऊन जायचं, दोन शब्द बोलायचं. ही युक्ती लोर्नाची, आणि तिला तिचा भारी अभिमान होता. चर्च तसं मोकळ्या विचारांचं; इथे देव मानणारे होते, न मानणारे होते, डोळे मिटून ध्यान करणारे होते. कुणी कुणाला नावं ठेवत नसे. उणं एकच होतं. बहुतेक सगळे गोरे आणि बहुतेक सगळे म्हातारे. दरवर्षी दोघंतिघं देवाघरी जात, न मानणारेसुद्धा! हे असंच चाललं तर चर्चला कुलूप लागणार, आणि लोर्नाची झोप त्यानंच उडाली होती.

म्हणून तर व्हार्नी सगळ्यांना हवाहवासा होता. मूळचा लायबेरियाचा, चाळिशीचा, शाळेत गणित शिकवणारा. गायला लागला की छत दणाणायचं. पण गडी सभासद काही होईना. का होईना? तर्कांना नुसता ऊत आला होता. विनी म्हणे, तो मनातून अजून आपल्या जुन्या बाप्टिस्ट पंथाचाच आहे. कुणी म्हणे, बायको आडवी येत असेल. त्याला बायको आहे का, हे मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं. विचारविनिमयाला एक समितीही नेमली. समितीनं केक खाल्ला आणि ठरवलं, सरळ विचारू नये, माणूस बुजेल. धर्माच्या बाबतीत आग्रह करणं या मंडळींच्या धर्मात बसत नव्हतं.

आज मात्र लोर्नाला राहवेना. ती तडक त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली.

"व्हार्नी, रागावू नका हं. तुम्हाला आमचं काही खटकतं का? सभासद का होत नाही तुम्ही?"

व्हार्नी हसला. "इनेस आठवते तुम्हाला? ब्राझीलची. आम्ही दोघं एकाच रविवारी आलो होतो."

"हो तर! सभासद झाली तेव्हा तिला गुलाब मीच दिला होता. गोड पोरगी. कुठं असते हल्ली?"

"ते तुम्ही सांगायचं. सभासद ती तुमची." त्यानं कॉफीचा घोट घेतला. "गुलाब मिळाला, टाळ्या झाल्या. पुढच्या रविवारी तिच्या हातात पांढरा कप आला. ती त्या खिडकीपाशी उभी राहायची. एकटीच. नाताळच्या आत यायची बंद झाली. मला इथे येत राहायचंय, लोर्नाबाई. म्हणून मी सभासद होत नाही."

"अहो, असं कसं म्हणता?" लोर्ना उसळली. "इथे सगळे सगळ्यांशी बोलतात!"

"आज तुमच्याशी कोण बोललं?"

"विनी," ती पटकन म्हणाली. मग थांबली. विनी बोलली होती ती व्हार्नीबद्दल. लोर्नाचा नवरा गेला त्या हिवाळ्यात सगळ्यांनी पंधरा दिवस जेवण पोचवलं होतं. त्यानंतर 'कशी आहेस गं?' असं या हॉलमध्ये कुणी विचारल्याचं तिला आठवेना. ती इतकी जुनी, इतकी घरची, की विचारायचं कुणाच्या डोक्यातच आलं नसावं. तिला एकदम फार एकटं वाटलं.

तिनं हातातला पांढरा कप टेबलावरच्या पिवळ्या कपांशेजारी ठेवला.

"त्यातला एक पिवळा," ती हळूच म्हणाली, "मलाही द्या."