सशाच्या कलानं

लेकीनं हौसेनं आणलेला ससा साहेबांची चाहूल लागली की पलंगाखाली दडी मारायचा. साहेब कारखान्यात सुपरवायझर. त्यांचा आवाज मशीनच्या खडखडाटावर मात करायचा, आणि घरीही तोच चालायचा. बायकोला हाक मारायची म्हणजे नुसतं "ए!", तेही असं की भिंतीवरची पाल खाली पडावी. माणसं टरकून असतात याचं त्यांना कधी काही वाटलं नव्हतं, पण ससा भितो हे मात्र मनाला फार लागलं.

जनावरांचे डॉक्टर म्हणाले, "आवाज चढवू नका. खाली बसा, लाडानं बोलवा, त्याच्या कलानं घ्या."

मग काय, महिनाभर रोज संध्याकाळी साहेब फरशीवर मांडी ठोकून "ये ना... जरा ये ना" करत बसले. बायकोला ताकीद होती, आत भांडं वाजता कामा नये. आणि एके दिवशी ससा खरंच आपणहून आला, मांडीवर चढला आणि झोपी गेला. साहेब धन्य झाले!

तेवढ्यात त्यांच्या कंबरेत उसण भरली. उठता येईना, आणि ओरडावं तर महिन्याची मेहनत पाण्यात. शेवटी त्यांनी स्वयंपाकघराकडे तोंड करून, लग्नानंतर पहिल्यांदाच, बायकोला हळुवार हाक मारली, "ये ना... जरा ये ना."

भाजी चिरता चिरता ती आतूनच म्हणाली,

"अहो, धीर धरा. येईल तो त्याच्या कलानं!"